एडिटरने माणसांना भेटण्यासाठी बारा हजार खर्च करावेत का?

बार्शीचा_एडिटर

नमस्कार मंडळी. वय २६, राहणार बार्शी. साडेतीन वर्षं झाली, यूट्यूब चॅनेलांचे व्हिडिओ एडिट करतोय. सध्या तीन चॅनेल आहेत. सांगोल्याच्या एका काकूंचं रेसिपीचं, एक ट्रॅक्टर-अवजारांचं आणि एक स्पर्धा परीक्षांचं. रेसिपीच्या व्हिडिओला ७०० रुपये, ट्रॅक्टरच्याला ९००, परीक्षावाल्यांचं महिन्याचं बांधून घेतलंय. महिनाकाठी वीस-बावीस हजार सुटतात. यातल्या एकाही माणसाला मी आजवर समोरासमोर भेटलेलो नाही. फुटेज ड्राइव्हवर येतं, सूचना व्हॉइस नोटमध्ये येतात, पैसे यूपीआयवर येतात.

माझ्याबरोबर शिकलेला एक मुलगा आता मुंबईत असतो. तो म्हणाला, तुझं काम बरं आहे पण तुला कोणी ओळखत नाही, आणि न ओळखणाऱ्याला मोठं काम कोण देणार? मुंबईत दोन दिवसांचं क्रिएटर लोकांचं संमेलन आहे, त्याला ये म्हणतोय. तिकीट ६,५००. लातूर–मुंबई गाडीने रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, त्यामुळे प्रवासाचं विशेष नाही. पण राहणं, खाणं, लोकल-रिक्षा धरून बारा हजाराच्या घरात जातंय. बारा हजार म्हणजे माझ्या हिशोबाने सतरा रेसिपी व्हिडिओ.

वडिलांचं किराणा दुकान आहे. ते म्हणतात, "माणूस दुकानाची पायरी चढल्याशिवाय ओळख होत नाही, जाऊन ये." आईचं म्हणणं, त्यापेक्षा लॅपटॉपची रॅम वाढव, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रेंडरची, म्हणजे पूर्ण व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडण्याची, वाट बघत बसतोस. मला दोघांचंही पटतंय, म्हणून इथे विचारतोय.

ज्यांचं पोट या कामावर चालतं त्यांनी स्वतःचा अनुभव सांगावा. भेटून खरंच काम मिळतं का? मिळालं असेल तर नेमकं कसं? आणि एक सांगतो, गर्दीत स्वतःहून पुढे होऊन बोलणं मला जमत नाही.

---

नाशिक_मोशन

रॅम घे. मनापासून सांगतोय.

मी सहा वर्षं मोशन ग्राफिक्स आणि थंबनेल करतो. नाशिक सोडलेलं नाही. माझी बहुतेक गिऱ्हाइकं इंदूर, हैदराबाद आणि दुबईची. एकालाही भेटलो नाही आणि त्यांनीही कधी भेटायचं काढलं नाही. काम बघून माणसं येतात. शेवटी चॅनेलचं चालणं-न चालणं आकड्यांवर ठरतं. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, आणि तू मुंबईत कोणाकोणाबरोबर फोटो काढलेस यामुळे त्यात एका तासाचीही भर पडत नाही.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. दोन वर्षांपूर्वी एका एजन्सीने माझे ३८,००० बुडवले. नंतर कळलं की त्यांनी आधीही दोघातिघांचे असेच बुडवले होते. काम घेण्याआधी हे विचारायला माझ्याकडे एकही माणूस नव्हता.

---

मिरजेची_साउंडवाली

नाशिकच्या दादांनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. (बार्शीच्या दादा, वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते, चालेल ना?)

व्ह्यूज वेगळे आणि काम वेगळं, हे दोन वेगळे केलेस की अर्धा गोंधळ संपेल. व्ह्यूज प्रेक्षक देतात. त्यांना तू कोण, कुठला, कोणाला भेटलास याच्याशी देणंघेणं नाही. काम मात्र माणूस देतो. आणि ते देताना त्याच्या मनात एकच भीती असते: हा ऐनवेळी दगा देईल का? शोरील (आपल्या कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) कितीही चांगला असला तरी ही भीती जात नाही. तुला कामात असताना ज्याने पाहिलंय, त्याच्या एका शब्दाने जाते.

मी २०१५ ला मिरजेहून पुण्याला शिकायला आले. कॉलेजच्या एकांकिकांना ध्वनी सांभाळायचे. पुरुषोत्तम करंडकाच्या फेऱ्या पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात होतात. तिथल्या विंगेत घामाघूम होऊन लॅपटॉप धरून उभी राहिलेली मी, आणि शेजारी दुसऱ्या कॉलेजचा लाइटवाला, तिसऱ्या कॉलेजची नेपथ्यवाली. आम्हाला तेव्हा वाटायचं की आपण फक्त नाटक करतोय. २०१६ मध्ये भाडिपा हे यूट्यूब चॅनेल सुरू झालं आणि मराठीत यूट्यूबसाठी म्हणून मुद्दाम लिहून, शूट करून लोकांनी रोज बघावं असं काही होऊ शकतं हे आमच्या वयाच्या मुलांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. ते सुरू करणाऱ्यांतले सारंग साठ्ये, तिथे मुलाखती घेणारे अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी, ही सगळी नाटकात आधीपासून वावरलेली माणसं. ज्यांच्याबरोबर रात्र-रात्र तालमी केल्या त्यांच्याबरोबरच पुढे कॅमेरा उचलला गेला. आमच्या पिढीत पुण्यातलं ऑनलाइन व्हिडिओचं बरंचसं काम असंच उभं राहिलंय, ओळखीवर. आणि ती ओळख पार्टीत झालेली नव्हती, विंगेत झाली होती.

आता माझं सांगते. २०१८ ची गोष्ट. एकांकिकेच्या वेळचा तो लाइटवाला मुलगा, त्याचा सकाळी सात वाजता फोन. "साउंडवाला आला नाही, कर्वेनगरला येशील का? पैसे नाहीत, जेवण आहे." गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, दिग्दर्शकाच्या मावशीचा. आत नऊ माणसं, एक कॅमेरा, आणि होस्टने कडक इस्त्रीचा खादीचा कुर्ता घातलेला. कॉलर माईक लावला आणि त्याने मान वळवली की कानात खर्रर्र. मी वैद्यकीय चिकटपट्टीचे दोन तुकडे त्रिकोणी घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून, माईक त्या दोघांच्या मधे बसवला आणि कुर्त्याच्या आतून चिकटवला. खरखर गेली. मग दुसरा आवाज लक्षात आला: स्वयंपाकघरातला फ्रीज. दर वीस मिनिटांनी धडधडत सुरू व्हायचा. मी तो बंद केला, आणि माझ्या स्कूटीची किल्ली फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीवर ठेवली. घरी जायला निघाल्यावर किल्ली लागणारच, म्हणजे फ्रीज परत चालू करायला विसरायचं नाही. साउंडच्या एका जुन्या माणसाकडून ही युक्ती मी ऐकली होती. शूट संपल्यावर सगळ्यांना तीस सेकंद स्तब्ध उभं केलं आणि रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. रात्री अकराला मावशी दूध काढायला गेल्या आणि हातात किल्ली घेऊन बाहेर आल्या: "ही कोणाची?"

सात महिन्यांनी त्या दिग्दर्शकाचा फोन आला. माझं नाव त्याच्या लक्षात नव्हतं. "तू ती फ्रीजमध्ये किल्ली ठेवणारी ना?" बारा भागांची मालिका, दिवसाला ३,००० रुपये. तोपर्यंत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं काम होतं. माझा शोरील त्याने आजतागायत पाहिलेला नाही.

हे एवढं खोलात सांगतेय कारण आपलं काम असं आहे की ते चांगलं झालं की दिसत नाही. चांगला आवाज कोणाच्या लक्षात येत नाही, चांगला कट कोणाच्या लक्षात येत नाही. तुझ्या रेसिपी व्हिडिओखाली "काकू मस्त" असंच लिहिणार लोक, आणि तेच बरोबर आहे. मग तू नीट काम करतोस हे कळणार कोणाला? तू करत असताना जो शेजारी उभा आहे त्याला. भेटण्याचा उपयोग हा आहे. हात मिळवण्याचा नाही.

संमेलनांबद्दल: २०१९ मध्ये मीही मुंबईला एका मोठ्या कार्यक्रमाला गेले होते, पैसे भरून. ३१ व्हिजिटिंग कार्डं घेऊन आले. त्यातून एकही काम आलं नाही. व्यासपीठावर जे बोलतात त्यांच्याभोवती दोनशे जण मोबाइल घेऊन उभे असतात, त्यात तू-मी काय बोलणार? पण चहाच्या रांगेत माझ्या पुढे कोल्हापूरची एक एडिटर मुलगी उभी होती. आम्ही तिथे पाऊण तास बोललो. ती म्हणाली, अमुक एजन्सीचं काम घेऊ नकोस, नव्वद-नव्वद दिवस पैसे देत नाहीत. आणि तिने मला विचारलं, एका भागाचं साउंड साफ करायचे किती घेतेस? मी म्हटलं १,२००. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, अगं २,५०० च्या खाली कोणी हात लावत नाही. दुसऱ्या महिन्यापासून मी २,५०० सांगायला लागले आणि लोकांनी दिले. ही माहिती कुठल्या साइटवर लिहिलेली नव्हती. कोणी लिहीतही नाही, कारण लिहिलं तर उद्या काम मिळायची पंचाईत. ती फक्त तोंडी फिरते. नाशिकच्या दादांचे ३८,००० अशा एका वाक्याने वाचले असते. म्हणून मी म्हणते, मोठ्या माणसांना भेटण्यापेक्षा आपल्याच पायरीवरच्या माणसांना भेट. आज जी एडिटर आहे ती चार वर्षांनी कोणाच्या तरी टीमची प्रमुख असते, आणि तेव्हा तिला माणसं लागतात.

तर बारा हजारांचं काय? मी तुझ्या जागी असते तर हे तिकीट आत्ता काढलं नसतं.

पहिल्यांदा सांगोल्याला जा. साडेतीन वर्षं ज्यांचं स्वयंपाकघर तू रोज फ्रेम-फ्रेम बघतोस त्यांना भेटलेला नाहीस, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. बार्शीहून पंढरपूर, पंढरपूरहून सांगोला, एका दिवसात जाऊन परत येशील. तुझी पहिली ओळख तिथे आहे. आपल्याला चांगला एडिटर मिळालाय हे काकू चार जणींना सांगू शकतात, आणि रेसिपीवाल्या बायका एकमेकींना धरून असतात.

मग पुण्याला ये. ज्या छोट्या चॅनेलचं काम तुला मनापासून आवडतं अशा दोघातिघांना लिही. "मला काम द्या" असं लिहू नको. "तुमचा अमुक व्हिडिओ पाहिला, सुरुवातीच्या मिनिटात जो कट आहे तो कसा सुचला, तुमच्या शूटला एक दिवस सामान उचलायला येऊ का?" असं लिही. दहातले आठ उत्तर देत नाहीत. दोघं ये म्हणतात. शूटवर हाताला काम लागलं की बोलायचं दडपण राहत नाही. तू गर्दीत बोलत नाहीस असं लिहिलंयस. मलाही जमत नाही. पण रिफ्लेक्टर धरून उभं राहिल्यावर आपोआप बोलणं होतं. मोबाइलमध्ये चाळीस सेकंदांची एकच क्लिप ठेव: आधीचं कच्चं फुटेज आणि तुझा कट, एकापाठोपाठ. सोबत स्वतःचे इअरफोन. कोणी विचारलं तरच दाखव. आणि परत गेल्यावर दोन दिवसांच्या आत काहीतरी उपयोगी पाठव, त्या दिवशी त्यांना जे अडलं होतं त्याबद्दल. नुसतं "भेटून आनंद झाला" नको.

मुलींनी कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं लिहिते: पहिली भेट कधीही कोणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीवर नको. शूट असेल तर तिथे किती माणसं आहेत ते आधी विचारायचं आणि घरच्या एकाला पत्ता पाठवून ठेवायचा. यावर कोणी नाराज झालं तर ते काम गेलं तरी चालेल.

---

अर्व्हाइनहून_वहिनी

मी कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहते. आमच्याकडून अनाहाइम जवळ आहे, आणि व्हिडकॉन हे ऑनलाइन व्हिडिओवाल्यांचं मोठं संमेलन तिथे भरतं. २०१९ ला मुलीला घेऊन गेले होते. ऑनलाइन व्हिडिओवाल्यांचं प्रत्यक्ष भेटणं कुठून सुरू झालं हे पाहिलं तर वरच्या ताईंचं म्हणणं आणखी पटतं. जॉन आणि हँक ग्रीन हे दोघं भाऊ वेगवेगळ्या गावांत राहायचे. २००७ मध्ये त्यांनी ठरवलं की वर्षभर एकमेकांना लिहायचं नाही, फक्त व्हिडिओ पाठवायचे. ज्यांचं सगळं नातं जगाने पडद्यावर पाहिलं, त्याच दोघांनी २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात लोकांना एकत्र बोलावलं. तेच व्हिडकॉन. दोन वर्षांत हॉटेल अपुरं पडलं आणि ते अनाहाइमच्या मोठ्या केंद्रात आलं.

तिथे चाहत्यांचं, क्रिएटरांचं आणि व्यवसायवाल्यांचं तिकीट वेगवेगळं असतं. भारतातही कुठे जाणार असाल तर एवढं आधी बघा, की आपण काढतोय ते तिकीट नेमकं कोणासाठी आहे. चाहत्यांचं तिकीट काढून गेलं तर दिवसभर रांगेत उभं राहून सही घेऊन परत यावं लागतं. माझ्या मुलीला तेच हवं होतं, ती खूश होती. तुम्हाला ते नकोय.

---

गोरेगाव_कॅमेरा

साउंडवाल्या ताईंना दुजोरा. गोरेगावच्या फिल्मसिटीत, व्हिसलिंग वूड्स या फिल्म शिकवणाऱ्या संस्थेच्या आवारात यूट्यूबची स्वतःची जागा होती. सबस्क्रायबर पुरेसे असले तर सेट, लाइट, कॅमेरे वापरायला मिळायचे. आज माझ्याबरोबर जी दोन माणसं काम करतात ती दोन्ही मला तिथल्या बाहेरच्या बाकावर भेटली, आपापल्या पाळीची वाट बघताना. २०२१ मध्ये यूट्यूबने जगभरातल्या या जागा कायमच्या बंद केल्या. कॅमेरे आता भाड्याने कुठेही मिळतात. त्या बाकाची उणीव मला अजून भासते.

---

बार्शीचा_एडिटर

दीड महिन्याने लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार. संमेलनाला गेलो नाही. रॅमही घेतली (आई खूश आहे). पुण्याच्या तीन चॅनेलना लिहिलं होतं, एकाने येत्या रविवारी शूटला बोलावलंय, वारज्याला. ताई, चिकटपट्टी घेऊन जातोय.

पण मला लिहायचंय ते सांगोल्याबद्दल.

काकूंना आदल्या दिवशी फोन केला, तर आधी त्यांना खरंच वाटेना. पहाटेच्या एसटीने निघालो, साडेदहाला त्यांच्या दारात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, तू एवढा बारीक आहेस होय? आवाजावरून मला वाटलं चांगला दांडगा असशील." मग स्वयंपाकघरात नेलं. मला तिथलं सगळं माहीत होतं. मसाल्याचा डबा कुठे, सांडशी कुठल्या खिळ्याला, खिडकीच्या तावदानाला कुठे चीर गेलीय. फक्त खोली पडद्यावर दिसते त्याच्या निम्मी निघाली.

त्यांनी फोन स्टँडला लावला आणि वांग्याची भाजी करायला घेतली. आणि अकराच्या सुमाराला तो आवाज सुरू झाला. गुंऽऽऽ असा. साडेतीन वर्षं मी हा आवाज प्रत्येक व्हिडिओतून काढतोय. मला कायम वाटायचं की त्यांच्या फोनच्या माईकमध्येच दोष आहे. दोनदा त्यांना फोन बदला म्हणूनही सांगितलं होतं, त्यांनी बिचाऱ्यांनी एकदा बदललाही. मी विचारलं, "काकू, हा आवाज कसला?" त्या म्हणाल्या, "कुठला आवाज?" त्यांना तो ऐकूच येत नव्हता, इतका सवयीचा. मी मागच्या दाराने बाहेर गेलो. भिंतीला लागून शेजाऱ्यांची पिठाची गिरणी. रोज अकरा ते दीड चालते. आणि काकू बरोबर अकरालाच शूटला बसतात, कारण तेव्हा खिडकीतून उजेड चांगला येतो.

दुपारी भाकरी खाल्ली, मग दोघांनी मिळून उजेड बघितला. अडीचनंतर त्या खिडकीत ऊन नसतं, पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून पुरेसा उजेड परत येतो. ओटा दीड हात सरकवता येत नाही, म्हणून शेगडी सरकवली. आता त्या तीन वाजता शूट करतात. निघताना त्यांनी शेजारच्या दोघींचे नंबर दिले, दोघींची चॅनेल आहेत, एकीचं रांगोळीचं. मी मागितले नव्हते.

तीन वाजता शूट केलेला पहिला व्हिडिओ परवा आला. आवाज साफ करायचा फिल्टर लावायला गेलो आणि हात थांबला, लावायची गरजच नव्हती. तसाच सोडला. एवढी वर्षं गिरणीबरोबर मी त्यांच्या फोडणीचाही आवाज मारत होतो, ते तेव्हा कळलं. व्हिडिओ टाकला त्या रात्री काकूंची व्हॉइस नोट आली, सहा सेकंदांची. "अरे, माझी मोहरी तडतडताना ऐकू येतीय की!"